विश्वासही मागावा लागतो काय?

ओहोटीच्या वेळी थळच्या किनाऱ्यावर होड्या चिखलात कलंडून पडलेल्या असतात. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी, मागे खुबलढ्याचे पडके अवशेष. अशाच एका संध्याकाळी मी आणि माझा एक जुना मित्र तिथे बसलो होतो. तो महाडकडचा, बौद्ध. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, ख्रिस्ती. त्याच्या वडिलांनी १९५६ नंतर बुद्धाचा मार्ग धरला, माझ्या पणजोबांनी त्याच्या कितीतरी आधी बाप्तिस्मा घेतला. दोघांचेही घराणे एकाच महारवाड्याच्या मातीतून उगवलेले. थळच्या खत कारखान्यात आम्ही एकाच पाळीत उमेदीची वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो.

चार दिवसांपूर्वी माझ्या घरी प्रार्थना होती. शेजारी म्हणून तोही येऊन बसला होता. प्रार्थनेत आमच्यातली एक म्हातारी बाई डोळे मिटून देवाकडे विश्वास मागत होती. ते त्याच्या मनात खुपले होते. तो म्हणाला, "भाकर मागता, आजारातून सुटका मागता, ते मी समजू शकतो. पण विश्वाससुद्धा देवानेच द्यायचा? मग माणसाने करायचे काय? बाबासाहेबांनी आपल्या माणसाचा पसरलेला हात मागे घ्यायला लावला, आणि तू अजून मागतोच आहेस!"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. त्याचा प्रश्न निव्वळ धर्मशास्त्राचा असता तर मी तो एखाद्या पाळकाकडे सोपवला असता. पण हा प्रश्न दलित माणसाच्या स्वाभिमानाचा आहे. देवावर विसंबणे म्हणजे गुलामीचीच नवी आवृत्ती काय, असे तो मला विचारत होता. म्हणून त्याचे उत्तर इथे चारचौघांत देण्याचा प्रयत्न करतो.

आधी ख्रिस्ती शिकवण काय आहे ते पाहू. मार्काच्या शुभवर्तमानात एका बापाची गोष्ट आहे. त्याच्या मुलाला लहानपणापासून झटके येतात. मुलगा कधी आगीत पडतो, कधी पाण्यात. येशूच्या शिष्यांकडून काही होत नाही, तेव्हा बाप येशूकडे येतो. विश्वास असेल तर सर्व शक्य आहे, असे त्याला सांगितले जाते. त्यावर तो माणूस रडत एकाच दमात दोन गोष्टी बोलतो. आपला विश्वास आहे असे म्हणतो आणि लगेच आपल्या अविश्वासाला मदत कर अशी विनवणीही करतो. तर्काच्या दृष्टीने ही विसंगती आहे. पण येशू त्याला परत पाठवत नाही, आधी विश्वास पुरा करून ये असे म्हणत नाही. मुलगा बरा होतो. ख्रिस्ती धर्मात विश्वासासाठी देवाची मदत मागण्याचे मूळ या गोष्टीत फार स्पष्ट दिसते.

पुढे या प्रश्नावर मोठा वाद झाला. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या तपस्व्याने असे मांडले, की देवाने माणसाला इच्छाशक्ती दिली आहे, तिच्या बळावर तो चांगले निवडू शकतो आणि तसे न करणाऱ्याला सबब नाही. उत्तर आफ्रिकेतला ऑगस्टीन (३५४–४३०) त्याच्या विरोधात उभा राहिला. माणूस आतून इतका मोडलेला आहे, की देवाकडे वळण्याची पहिली हालचालसुद्धा देवाच्या कृपेनेच होते, असे त्याचे म्हणणे होते. ५२९ साली फ्रान्समधल्या ऑरेंज येथील धर्मसभेने विश्वासाचा आरंभ हेही देवाचेच दान आहे, असा निर्वाळा दिला. त्यानंतर हजार वर्षांनी, १५२९ मध्ये, मार्टिन ल्यूथरने साध्या माणसांसाठी आणि मुलांसाठी लिहिलेल्या प्रश्नोत्तरीत हेच शिकवले, की स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने मी विश्वास ठेवू शकत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. दक्षिणेतल्या वैष्णवांतही तो झाला. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून बसते, मांजराच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. भक्त यांपैकी कोणासारखा, यावरून त्यांच्यात दोन पंथ पडले.

खरे तर आपली मराठी भाषाही या बाबतीत शहाणी आहे. आपण "विश्वास ठेवतो" म्हणतो, तेव्हा कर्ता मी असतो. पण "माझा त्याच्यावर विश्वास बसला" असेही म्हणतो. तिथे कर्ता मी नाही. विश्वास आपण होऊन येऊन बसतो, आणि एखाद्या दिवशी उडूनही जातो. ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्याच्यावर उद्या सकाळपासून विश्वास ठेवायचा असे ठरवून पाहा. जमत नाही. सावकारावर, पुढाऱ्यावर, दुरावलेल्या भावावर, कोणावरही जमत नाही. एखादे विधान खरे मानणे हे बुद्धीचे काम आहे. पुरावा पाहून ते करता येते. पण कोणावर तरी भार टाकणे हे निव्वळ निश्चयाने होत नाही. समोरच्याने आपल्याला विश्वासाला पात्र असल्याचा अनुभव द्यावा लागतो. ख्रिस्ती माणूस देवाकडे विश्वास मागतो तो याच अर्थाने. तू आहेस हे मला पटव, एवढीच ती मागणी नसते. मला तुझ्यावर भार टाकता येईल असा तू माझ्याजवळ ये, अशी ती मागणी असते.

महाराष्ट्रात या अनुभवाची लेखी साक्ष आहे. नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) हे काशीला राहिलेल्या चित्पावन घराण्यातले पंडित. ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा त्यांचा ग्रंथ विद्वानांत गाजला. इतरांच्या शंका फेडणारा हा माणूस स्वतः मात्र आयुष्यभर शंकांनी पोळत राहिला. जी बुद्धी त्यांना ख्रिस्ताकडे घेऊन आली तीच त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. तरीही ते टिकले. त्यांचा विश्वास त्यांच्या युक्तिवादावर उभा असता तर तो कधीच ढासळला असता.

पंडिता रमाबाईंवर गोऱ्यांच्या लेखनाचा प्रभाव होता आणि त्यांनी तो मान्य केला आहे. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला मत पटले होते, मनाला आधार सापडला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याकडून काही होणे नाही हे त्यांनी कबूल केले आणि तिथे त्यांना तो आधार लाभला. संस्कृत पंडितांच्या सभा जिंकलेल्या बाईने हे लिहावे, याला वजन आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची कथा आणखी वेगळी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई नवऱ्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. "स्मृतिचित्रे" वाचताना माझ्या मनावर ठसते ते असे, की आधी त्यांच्या मनातली जात गळून पडते आणि नंतर, १९०० मध्ये, त्या ख्रिस्ती होतात. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांना एका क्षणी लख्ख दिसते. त्या क्षणाचे श्रेय त्या कोणाच्या युक्तिवादाला देत नाहीत. कृपा प्रथम कुठे काम करते याचा हा मोठा बोलका दाखला आहे. ब्राह्मण बाईच्या मनात तिने आधी विटाळ धुतला.

इथे माझा मित्र मला थांबवील आणि त्याने थांबवलेच पाहिजे. गोरे, रमाबाई, टिळक पतिपत्नी, ही सगळी ब्राह्मण माणसे. त्यांच्याजवळ सोडायला काहीतरी होते, म्हणून शरण जाणे हा त्यांचा मोठेपणा ठरला. ज्याच्याजवळ काहीच नव्हते, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वाकायलाच शिकवले, त्याने पुन्हा शरण का जावे? आणि त्या काळात नगर, जालना भागांत हजारो महार-मांग ख्रिस्ती झाले त्यांच्या साक्षी कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे. आमच्या पणज्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. मिशनच्या अहवालांत ते बहुधा आकडा म्हणून येतात. दुष्काळात धान्यासाठी आले, असा शेरा त्यांच्यावर मारला गेला. ब्राह्मण धर्मांतर करतो तेव्हा तो सत्याचा शोध, आणि महार धर्मांतर करतो तेव्हा ती पोटाची सोय! ही विभागणी करणाऱ्याने पोट रिकामे असलेल्या माणसालाही आत्मा असतो हे गृहीतच धरलेले नाही.

मित्राच्या बाजूने आणखी मोठा पुरावा आहे. चौदाव्या शतकातला चोखामेळा देवावर संपूर्ण विसंबला होता, आणि त्याच देवाच्या दाराबाहेर उभा होता. बाबासाहेबांनी १९४८ मधला "द अनटचेबल्स" हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, म्हणजे चोख्याबद्दल त्यांना आदर होता. पण चोख्याच्या शरणागतीने मंदिराचे दार उघडले नाही, हेही खरेच. ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवरही बाबासाहेबांनी लिहून ठेवले. ते लेखन १९८९ मध्ये महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी साहित्याच्या ५ व्या खंडात आहे. त्यांचा आक्षेप नेमका आहे. तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली, असे धर्मांतरिताला शिकवले, की आपल्याला खाली ढकलणाऱ्या समाजरचनेकडे त्याची नजर जात नाही. तो स्वतःला दोष देत बसतो आणि भोवतालची परिस्थिती बदलण्याची ऊर्मी हरवतो.

हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. आमच्या पुष्कळ व्यासपीठांवरून अगदी हेच शिकवले गेले आहे. मी लहानपणी ऐकलेल्या कित्येक उपदेशांत पाप म्हणजे दारू, पत्ते आणि खोटे बोलणे. विहिरीवर पाणी भरू न देणे हे पाप आहे, असे मी त्यांत फारसे ऐकले नाही. हा दोष मान्य करूनच मला पुढे जायचे आहे. कृपेची शिकवण अर्धी सांगितली तर ती अफू होते. पुरी सांगितली तर काय होते?

हिंदू धर्मव्यवस्थेचा कणा "अधिकार" या शब्दात आहे. वेद ऐकण्याचा अधिकार, देवळात जाण्याचा अधिकार, मोक्षाचा अधिकार. हा अधिकार जन्माने ठरतो आणि तो नसलेल्याने चालीरीत पाळून पुढच्या जन्माची वाट पाहायची. आता कोणी म्हणाला, की देवाजवळ जाण्यासाठी लागणारी पात्रता कोणाकडेच नाही, अगदी विश्वाससुद्धा माणसाची स्वतःची कमाई नाही, तो सर्वांना सारखाच मागून घ्यावा लागतो, तर काय होते? अधिकाराची सगळी उतरंड कोसळते. काशीच्या पंडिताला जो हात पसरावा लागतो तोच नगरच्या मांगाला पसरावा लागतो. जे दान आहे त्याचा गर्व करता येत नाही आणि त्यावर मालकीही सांगता येत नाही. माझा विश्वास मी मिळवलेला असता तर तुझ्यापेक्षा मी श्रेष्ठ, असे म्हणायला मला जागा राहिली असती. दान म्हटल्यावर ती जागा उरत नाही. म्हणून चर्चमध्ये जो जात पाळतो तो केवळ एक सामाजिक चूक करत नाही, तो कृपेलाच नाकारतो.

दुसरी गोष्ट. देवावर विसंबणारा माणसापुढे लाचार होतो, असे अनुभव सांगत नाही. रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, तो जरूर वाचावा. ज्यांनी त्यांना आसरा दिला, ज्यांच्या हाताखाली बाप्तिस्मा झाला, त्याच इंग्रज भगिनींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी ही बाई तत्त्वासाठी भांडते आहे. एका परकी पंथाच्या अधिकाराखाली आपली सद्‌सद्‌विवेकबुद्धी गहाण टाकायला ती तयार नाही. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली. देवापुढे हात पसरलेला माणूस साहेबापुढे हात पसरायचे थांबवू शकतो. आमच्यातल्या अनेकांचे चुकले ते इथे. त्यांनी कृपा मागायची ती देवाकडे, पण मागत राहिले मिशन बंगल्याकडे. मित्राला जी लाचारी दिसते ती खोटी नाही, पण तिचा पत्ता वेगळा आहे.

अरविंद निर्मळ हे महाराष्ट्रातलेच धर्मचिंतक. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या धर्मचिंतनाची मांडणी केली आणि त्यातून पुढे दलित ख्रिस्ती चिंतनाचा प्रवाह वाहू लागला. दलित ख्रिस्ती माणसाने आपला दलित भूतकाळ पुसून नव्हे, तर तो आठवून देवाविषयी बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. आपले दुःख हेच आपले पहिले ज्ञान. या अंगाने पाहिले म्हणजे बाबासाहेबांच्या आक्षेपाला उत्तर द्यायची वाट दिसते. पाप केवळ माझ्या आत नाही, ते गावाच्या रचनेत आहे, कायद्याच्या कलमात आहे. कृपा मला उभे करते ती त्यालाही पाप म्हणण्यासाठी.

कायद्याचे म्हणाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या ३ ऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्धांना केंद्राच्या यादीत यायला १९९० साल उजाडावे लागले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सूसाई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे धरले, की ख्रिस्ती झाल्यावरही जातीचे तेच जाच तितक्याच तीव्रतेने चालू असल्याचे दाखवावे लागेल. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी असे सुचवले. २०२२ मध्ये हाच प्रश्न तपासायला न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. माझ्या मित्राच्या घरानेही १९९० पर्यंत हा दंड सोसला आहे, म्हणून ही वेदना त्याला समजावून सांगावी लागत नाही. आमच्यातले कित्येक जण कागदावर एक आणि काळजात एक असे जगतात. त्यांना ढोंगी म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या मुलाची फी भरण्यासाठी देव लपवून पाहावा. विश्वास देवाचे दान आहे. त्यावर बसवलेला दंड मात्र माणसाचा आहे, आणि माणसाने बसवलेला दंड माणसाने लढूनच उठवायचा असतो. तिथे प्रार्थना हे लढ्याऐवजी काढलेले निमित्त होऊ शकत नाही.

थळहून दक्षिणेला अलिबाग, चौल, रेवदंडा ओलांडून खाडीपलीकडे गेले, की कोर्लई लागते. तिथले ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलतात. १७४० मध्ये पोर्तुगिजांनी चौल सोडले. त्या लोकांच्या पूर्वजांत खालच्या मानलेल्या जातींचे पुष्कळ होते, असे अभ्यासक मानतात. त्यांना ख्रिस्ती करताना जुलूम किती, लालूच किती, याचा हिशेब इतिहासाने जरूर करावा. पण सत्ता गेली, तोफा गेल्या, लाभही गेला. विश्वास लादलेलाच असता तर तो त्या गलबतांबरोबर परत गेला असता. तो अडीचशेहून अधिक वर्षे तिथेच राहिला. जे राजाने दिले ते राजाबरोबर जाते. जे उरले ते कोणी दिले, हा माझा मित्राला उलट प्रश्न आहे.

त्याचे उत्तर तो वेगळे देईल, आणि द्यावे. बुद्धाने माणसाला स्वतःवर विसंबायला सांगितले. ज्याला हजारो वर्षे "तुझ्यात काही नाही" असे ऐकवले त्याला "तुझ्यातच आहे" असे सांगणे ही केवढी मोठी मुक्ती आहे, हे मी त्याच्या घरात पाहिले आहे. मी त्याला माझ्याकडे ओढत नाही. मला फक्त एवढेच सांगायचे आहे, की माझे मागणे हे माझे वाकणे नाही.

माझी आजी निरक्षर होती. नातवंड दगावले त्या रात्री ती देवाशी भांडली, हे मी लहानपणी घरात ऐकले आहे. तुला धरायला माझ्या हातात आता बळ नाही, तूच मला धर, असे ती म्हणाली. सकाळी उठून ती रोजच्यासारखी कामाला गेली. तिची साक्ष कोणत्याही अहवालात नाही, म्हणून मी ती इथे लिहून ठेवतो. मार्काच्या शुभवर्तमानातला तो बाप आणि माझी आजी यांच्या मागण्यात मला काडीचाही फरक दिसत नाही. लाचार माणूस मालकाशी भांडत नाही. ती भांडली, कारण तिने ज्याच्यावर भार टाकला होता तो मालक नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही उठलो तेव्हा भरती लागली होती. कोळ्यांची पोरे होड्यांजवळ आली होती. चिखलात रुतलेली होडी चार माणसांनी रेटली तरी हलत नाही, आणि पाणी आले म्हणजे एका हाताने सरकते. पण भरती येईपर्यंत ती माणसे झोपली नव्हती. त्यांनी जाळी शिवली होती, भेगा बुजवल्या होत्या. फुटकी होडी भरतीच्या पाण्यात फक्त बुडते. मी मित्राला म्हणालो, "भरती मी आणत नाही. डागडुजी मात्र माझी."

तो हसला. म्हणाला, "डागडुजीपुरते आपले जमले." मग "जयभीम" म्हणून तो त्याच्या वाटेने गेला. मीही त्याला "जयभीम" म्हणालो. त्यासाठी मला माझ्या देवाची वेगळी परवानगी घ्यावी लागली नाही.